टेबल, ग्राफ आणि समीकरण: एकच आकडा तिन्हीकडे कसा ओळखायचा

नववी-दहावीच्या मुलांना रेषीय समीकरणं शिकवताना मला सारखं एक दिसतं, की टेबल बरोबर भरतात, ग्राफ नीट काढतात, समीकरणही सोडवतात, पण ही तीन वेगवेगळी कामं आहेत असं धरून चालतात. टेबलात जो आकडा दर ओळीला वाढतोय तोच ग्राफमध्ये कुठे आहे आणि समीकरणात कुठे बसलाय हे विचारलं की गप्प होतात. आणि खरं म्हणजे धड्यात शिकायचं आहे ते एवढंच. रेषीय संबंध म्हणजे एक गोष्ट ठराविक दराने बदलली की दुसरीही ठराविक दराने बदलते, हे तुम्ही आकडे मांडून सांगा, रेघ काढून सांगा नाहीतर एका ओळीत समीकरण लिहून सांगा, माहिती तीच राहते. त्यात महत्त्वाचे आकडे दोनच, एक म्हणजे दर (पुस्तकात त्याला चढ म्हणतात) आणि दुसरा म्हणजे सुरुवातीची किंमत. हे दोन आकडे हातात आले की तिन्हीतलं कुठलंही एक दुसऱ्यात बदलता येतं.

शाळेच्या पुस्तकात चलांना इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे क्ष आणि य लिहिते, आडव्या अक्षावर क्ष आणि उभ्यावर य.

मुंबईची रिक्षा घेऊन सुरुवात करू

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर भागात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरला २६, आणि त्यापुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. (त्याआधी २३ आणि १५.३३ होतं.) तुम्ही वाचाल तेव्हा दर बदलले असतील तर नवे आकडे घाला, पद्धत हीच.

सगळ्यात आधी ठरवायचं की कोण कोणावर अवलंबून आहे. अंतर वाढलं म्हणून भाडं वाढतं, भाडं वाढलं म्हणून अंतर वाढत नाही, त्यामुळे अंतर क्ष आणि भाडं य. आणि लगेच बाजूला एकक लिहून टाकायचं, क्ष किलोमीटरमध्ये, य रुपयांमध्ये. मुलं ही पायरी गाळतात आणि मग पुढे १७.१४ नक्की कशाचे हे कळत नाही. ते रुपये नाहीत, ते रुपये दर किलोमीटर आहेत, हा फरक शेवटपर्यंत कामाला येतो.

आता टेबल. दीड किलोमीटरपासून सुरू करू आणि एकेक किलोमीटर वाढवत जाऊ:

अंतर (किमी) | भाडं (रुपये)
१.५ | २६.००
२.५ | ४३.१४
३.५ | ६०.२८
४.५ | ७७.४२
५.५ | ९४.५६

उजव्या रकान्यातल्या खालच्या आकड्यातून वरचा वजा करत या. प्रत्येक वेळी १७.१४ येतात. रेषीय आहे की नाही हे ओळखायची टेबलातली खूण हीच. फक्त एक गोष्ट बघा, मीटरवर भाडं पूर्ण रुपयात दिसतं, म्हणजे २६, ४३, ६०, ७७, ९५. आता फरक काढले तर १७, १७, १७ आणि शेवटी १८. काही मुलं लगेच म्हणतात की फरक सारखे नाहीत, मग हे रेषीय नाही. तसं नाही, शेवटच्या ओळीत ९४.५६ चे ९५ झाले म्हणून एक रुपया जास्त दिसतोय. मोजून किंवा राउंड करून आलेल्या आकड्यांत एवढं इकडे-तिकडे होणारच, फरक हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल तर मात्र संशय घ्यायचा.

समीकरण लिहिताना इथे बहुतेक जण घसरतात. किमान भाडं २६, दर १७.१४, चला लिहून टाकू, य = १७.१४ क्ष + २६. दिसायला अगदी बरोबर वाटतं. पण १.५ घालून बघा, ५१.७१ येतात, आणि टेबलात तर २६ आहेत. चूक कुठे झाली? १७.१४ चा दर पहिल्या किलोमीटरपासून लागत नाही, दीड किलोमीटर झाल्यावर लागतो. म्हणजे दर लावायचा तो (क्ष − १.५) या उरलेल्या अंतराला:

य = २६ + १७.१४ × (क्ष − १.५)

आता १.५ घातले की कंसात शून्य, उत्तर २६. १० किलोमीटरला कंसात ८.५, त्याला १७.१४ ने गुणून १४५.६९, अधिक २६ म्हणजे १७१.६९, मीटरवर १७२. आधीच्या चुकीच्या समीकरणाने १९७ च्या वर आकडा आला असता. म्हणून सवय लावून घ्या, समीकरण लिहिलं की टेबलातल्या निदान दोन ओळी त्यात घालून बघायच्या. एक ओळ योगायोगाने जुळू शकते, दोन जुळल्या तर समीकरण बरोबर आहे असं समजा, कारण दोन बिंदूंतून एकच रेघ जाते.

कंस सोडवला तर काय होतं बघा. १७.१४ × १.५ = २५.७१, आणि २६ मधून ते गेले की उरले ०.२९. म्हणजे

य = १७.१४ क्ष + ०.२९

आता गंमत बघा, सुरुवातीची किंमत जवळपास शून्य आली. म्हणजे २६ रुपये ही चढायची वेगळी फी वगैरे नाही, दीड किलोमीटरचं दराप्रमाणे होणारं भाडंच आहे, पूर्ण रुपयात आणलेलं. टॅक्सीचंही तेच, त्याच तारखेपासून ३१ रुपये किमान आणि पुढे २०.६६, आणि २०.६६ × १.५ केलं तर ३०.९९. समीकरण नीट मांडल्यावर दरपत्रकाच्या मागचा हिशोब असा उघड होतो, म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं.

पण त्या ०.२९ चा अर्थ काय? शून्य किलोमीटरला २९ पैसे? नाही. शून्य ते दीड किलोमीटरच्या मध्ये हे समीकरण लागूच नाही, तिथे भाडं सरळ २६. म्हणून सुरुवातीच्या किमतीला अर्थ द्यायच्या आधी विचारायचं, क्ष शून्य असताना हे समीकरण खरं आहे का? नसेल तर तो आकडा फक्त रेघ मागे वाढवली तर उभ्या अक्षाला कुठे लागेल एवढंच सांगतो.

ग्राफ काढला की हे डोळ्यांना दिसतं. ० पासून १.५ पर्यंत २६ च्या उंचीवर सपाट आडवी रेघ, तिथून पुढे तिरकी वर जाणारी. आडव्या रेघेचं समीकरण य = २६, त्यात क्ष नाहीच, कारण अंतराने फरक पडत नाही, चढ शून्य. तिरक्या भागात एक किलोमीटर उजवीकडे गेलात की १७.१४ रुपये वर जाता. टेबलातला फरक, समीकरणात क्षच्या शेजारचा आकडा आणि ग्राफमधला चढ, तीन ठिकाणी १७.१४ च. रात्री १२ ते पहाटे ५ भाडं सव्वापट होतं, तेव्हा किमान भाडंही सव्वापट आणि दरही सव्वापट, म्हणजे सपाट भाग वर सरकतो आणि तिरका भाग जास्त उभा होतो. दोन्ही बदलतात हे लक्षात ठेवा, बरेच जण फक्त किमान भाडंच वाढवतात.

उतरती रेघ: गॅस सिलिंडर

घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन वेगळं, ते प्रत्येक सिलिंडरचं थोडं वेगळं असतं आणि वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्ट्यांवर लिहिलेलं असतं. समजा तुमच्या सिलिंडरवर १५.३ लिहिलंय, मग भरलेल्याचं वजन २९.५ किलो. घरात रोज साधारण ०.४ किलो गॅस जातो असं धरू आणि अधूनमधून काट्यावर ठेवून वजन घेऊ:

दिवस | वजन (किलो)
० | २९.५
५ | २७.५
१२ | २४.७
२० | २१.५

हे टेबल मी मुद्दाम असं घेतलंय. दिवसांमधली अंतरं सारखी नाहीत, ५, मग ७, मग ८. वजनातले फरक −२, −२.८, −३.२. हेही सारखे नाहीत. "फरक सारखे असले तर रेषीय" एवढंच पाठ केलेला मुलगा इथे फसतो, आणि परीक्षेत असं टेबल दिलं की नुसतं फरक बघून सोडून देतो. खरी कसोटी फरकांची नाही, भागाकाराची आहे, य मधला फरक भागिले क्ष मधला फरक. −२ ÷ ५ = −०.४, −२.८ ÷ ७ = −०.४, −३.२ ÷ ८ = −०.४. तिन्ही वेळा तेच, म्हणजे रेषीय. रिक्षाच्या टेबलात क्ष एकेकाने वाढत होता म्हणून भागायची गरज पडली नाही, इतकंच.

वजाचं चिन्ह सोडायचं नाही. ते सांगतं की वजन कमी होतंय. समीकरण:

य = २९.५ − ०.४ क्ष

इथे मात्र २९.५ ला खरा अर्थ आहे, शून्याव्या दिवशी सिलिंडर खरोखर घरात होता आणि तेवढ्याच वजनाचा होता.

आता ग्राफ कागदावर काढू, आणि इथे जरा थांबा कारण प्रमाणाचा मुद्दा इथेच नीट कळतो. आडव्या अक्षावर १ सेमी = ५ दिवस घ्या, म्हणजे ४० दिवसांना ८ सेमी. उभ्यावर १ सेमी = २ किलो, म्हणजे ३० किलोला १५ सेमी, कागदात आरामात बसतं. उभ्या अक्षावर छोटा १ मिमीचा चौकोन ०.२ किलोचा झाला, त्यामुळे २९.५ हा २९.४ आणि २९.६ च्या रेघांच्या बरोबर मध्ये पडेल, पेन्सिलीला टोक करून बिंदू द्या. (०, २९.५), (५, २७.५), (१२, २४.७), (२०, २१.५) हे चार बिंदू मांडले आणि पट्टी लावली की सगळे एका रेघेत येतात.

आता ती रेघ बघा. ५ दिवस उजवीकडे म्हणजे कागदावर १ सेमी, आणि २ किलो खाली म्हणजे तोही १ सेमी. रेघ बरोबर ४५ अंशात उतरताना दिसते! कागदावरचे सेंटीमीटर मोजणारा म्हणेल चढ −१. पण चढ −०.४ आहे, कारण चढ कागदावर मोजायचा नसतो, अक्षांवरच्या आकड्यांनी मोजायचा असतो, २ किलो भागिले ५ दिवस. प्रमाण बदललं तर तीच रेघ जास्त तिरकी किंवा जास्त सपाट दिसेल, चढ मात्र तोच राहील. पेपरात किंवा टीव्हीवर दोन ग्राफ शेजारी दाखवून "बघा किती वेगाने वाढतंय" असं कोणी म्हटलं की आधी दोन्हीचं प्रमाण एकच आहे का ते बघत जा, ही सवय गणिताच्या पेपरापेक्षा जास्त उपयोगी आहे.

ग्राफवरून चढ काढायची कृती अशी: रेघेवरचे असे दोन बिंदू निवडायचे जे चौकोनांच्या कोपऱ्यावर नीट बसतात आणि एकमेकांपासून लांब आहेत. जवळचे घेतले तर अर्धा मिमी वाचायला चुकलं तरी चढ बराच चुकतो. मग डावीकडून उजवीकडे जायचं, आडवं किती गेलो आणि उभं किती गेलो ते आकड्यात लिहायचं, खाली गेलो तर वजा, आणि उभं भागिले आडवं. बऱ्याच जणांकडून उलटं होतं, आडवं भागिले उभं. अशा वेळी एकक लिहायचं, "किलो दर दिवस" हवंय म्हणजे किलो वर आणि दिवस खाली, उलटं व्हायची शक्यताच राहत नाही.

गॅस कधी संपणार? मुलं पटकन य = ० करतात, २९.५ ÷ ०.४ = ७३.७५ दिवस. म्हणजे चौऱ्याहत्तराव्या दिवशी सिलिंडरचं वजन शून्य! लोखंड काही जळत नाही. गॅस संपतो तेव्हा वजन १५.३ असतं, म्हणून य = १५.३ ठेवायचं, २९.५ − १५.३ = १४.२, भागिले ०.४, उत्तर ३५.५ दिवस. ग्राफवर १५.३ च्या उंचीवर एक आडवी तुटक रेघ काढा, तिरकी रेघ तिथे थांबली पाहिजे, तिच्या खाली न्यायची नाही. एखाद्या दिवशी काट्यावर २० किलो दिसलं तर उरलेला गॅस ४.७ किलो, म्हणजे अजून पावणेबारा दिवस, बुकिंग कधी करायचं ते ठरवता येतं.

खरं वजन घेऊन बिंदू मांडाल तर ते अगदी एका रेघेत येणार नाहीत. पाहुणे आले, दिवाळीचा फराळ झाला, की त्या दिवसात रेघ जास्त उतरते. मग सगळ्या बिंदूंच्या मधून जाणारी, साधारण तेवढेच बिंदू वर आणि तेवढेच खाली ठेवणारी एक सरळ रेघ पट्टीने काढायची, बिंदूला बिंदू जोडत वाकडी रेघ काढायची नाही. तुम्हाला सरासरी दर हवाय आणि तो अशा सरळ रेघेतूनच मिळतो.

फक्त दोन आकडे माहीत असतील तर

बऱ्याचदा टेबल मिळतच नाही, दोनच जोड्या माहीत असतात. सेल्सिअस आणि फॅरनहाइटचं घ्या. समुद्रसपाटीच्या दाबाला पाणी गोठतं ० ला म्हणजे ३२ फॅरनहाइटला, उकळतं १०० ला म्हणजे २१२ ला. क्ष मधला फरक १००, य मधला १८०, चढ १.८. क्ष शून्य असताना य ३२, म्हणून य = १.८ क्ष + ३२. संपलं. ताप बघायचा थर्मामीटर ३७ दाखवतो तेव्हा १.८ × ३७ = ६६.६, अधिक ३२ म्हणजे ९८.६, हा आकडा सगळ्यांना ओळखीचा आहे. नागपूरचा मे महिन्यातला ४५ घातला तर ११३.

दोन जोड्यांमध्ये क्ष शून्याची जोडी नसेल तर? समजा फक्त (३७, ९८.६) आणि (४५, ११३) माहीत आहेत. आधी चढ, (११३ − ९८.६) ÷ (४५ − ३७) = १४.४ ÷ ८ = १.८. मग शून्यापर्यंत मागे चालत यायचं, ४५ पासून ० पर्यंत ४५ पावलं, प्रत्येक पावलाला १.८ कमी, ११३ − ८१ = ३२. हे "मागे चालत येणं" मला सूत्र पाठ करण्यापेक्षा चांगलं वाटतं, कारण सूत्र परीक्षेच्या हॉलमध्ये विसरतं आणि हे विसरत नाही.

सेल्सिअस आणि फॅरनहाइट कधी सारखे होतात का हेही करून बघा, य च्या जागी क्ष ठेवा, क्ष = १.८ क्ष + ३२, म्हणजे −०.८ क्ष = ३२, क्ष = −४०. उणे ४० ला दोन्ही काटे एकच आकडा दाखवतात.

परीक्षेतलं रूप

पुस्तकात समीकरण बहुतेक वेळा य = असं सुटं दिलेलं नसतं, २क्ष + ३य = १२ अशा रूपात असतं, आणि आलेख काढा म्हणतात. इथे टेबल भरायला सोयीच्या किमती निवडायच्या. क्ष = ० घातलं की ३य = १२, य = ४. य = ० घातलं की क्ष = ६. दोन बिंदू मिळाले, (०, ४) आणि (६, ०), हे दोन्ही अक्षांवरचे. तिसरा बिंदू घ्यायचाच, क्ष = ३ घातलं तर य = २. तिसरा बिंदू ही तुमची तपासणी आहे, तीनही एका रेघेत आले नाहीत तर कुठेतरी बेरीज-वजाबाकी चुकली, आणि ते तुम्हाला पेपर तपासणाऱ्याच्या आधी कळलं.

३क्ष − २य = ५ सारखं आलं तर क्ष = ० घातल्यावर य = −२.५ येतो, मांडता येतो पण कटकट होते. मग क्षला विषम संख्या द्या: क्ष = १ ला य = −१, क्ष = ३ ला य = २, क्ष = ५ ला य = ५. सगळे पूर्ण. २ उजवीकडे, ३ वर, चढ दीड. अशी एकच पायरी सापडली की पुढचे बिंदू समीकरणात किमती न घालताच मांडता येतात, २ उजवीकडे ३ वर, २ उजवीकडे ३ वर.

मार्क जातात ते बहुतेक बारक्या गोष्टींवर. (३, २) आणि (२, ३) यांची अदलाबदल, म्हणून आधी आडवं मग उभं हे प्रत्येक बिंदूला मनात म्हणायचं. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायचं राहतं. अक्षांना नावं द्यायची राहतात. रेघ बिंदूपाशी थांबवतात, खरं तर दोन्ही टोकांना पुढे न्यायची आणि बाण करायचे, आणि रेघेवर तिचं समीकरण लिहायचं. आणि क्ष = ३ ही उभी रेघ, य = ३ ही आडवी, यात गोंधळ होतो. क्ष = ३ म्हणजे क्ष कायम ३, य काहीही असू दे, (३, ०), (३, १), (३, ५) मांडून बघा म्हणजे उभीच येते. या उभ्या रेघेचा चढ काढता येत नाही कारण आडवं अंतर शून्य आणि शून्याने भागता येत नाही.

रेषीय नसलेलं ओळखायला पण यायला हवं

चौरसाची बाजू १, २, ३, ४ आणि क्षेत्रफळ १, ४, ९, १६. फरक ३, ५, ७, वाढतच चालले. सरळ रेघ येणार नाही, वर वळणारी येते. विजेचं घरगुती बिल वेगळ्या प्रकारचं आहे, महावितरणचे १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, असे टप्पे आहेत, म्हणजे प्रत्येक टप्प्यात रेघ सरळ पण टप्पा बदलला की चढ बदलतो आणि रेघेला कोपरा येतो. असं असेल तर प्रत्येक टप्प्याचं समीकरण वेगळं लिहायचं आणि ते कुठून कुठपर्यंत लागू आहे ते शेजारी लिहायचं, रिक्षासारखंच. एकाच समीकरणात कोंबायला जाऊ नका.

कॉम्प्युटरवर करत असाल तर एक नक्की सांगते. एक्सेलमध्ये सिलिंडरचं टेबल टाकून "लाइन" चार्ट घेतला तर ०, ५, १२, २० हे सगळे सारख्या अंतरावर मांडले जातात आणि रेघ वाकडी दिसते, कारण तो चार्ट दिवसांना नुसती लेबलं समजतो. "स्कॅटर" निवडा, मग बिंदू त्यांच्या खऱ्या जागी बसतात. त्याच्यावर ट्रेंडलाइन टाकून समीकरण दाखवायचा पर्याय चालू केला की −०.४ आणि २९.५ स्वतः वाचायला मिळतात. जिओजेब्रामध्ये (ग्राफ काढायचं गणिताचं सॉफ्टवेअर) उलटं, समीकरण टाइप केलं की रेघ येते. दोन्ही वापरा पण आधी एकदा हाताने काढा, प्रमाण निवडायचा निर्णय तिथे मशीन घेतं आणि तोच शिकण्यासारखा आहे.

दोन रेघा एकत्र: मंडळाचे टी-शर्ट

गणपतीत मंडळाचे टी-शर्ट छापायचे असतात. स्क्रीन प्रिंटिंगला आधी स्क्रीन (डिझाइनची जाळीची चौकट, तिच्यातून शाई कापडावर उतरते) बनवावी लागते, त्याचा खर्च एक शर्ट असो की शंभर, तेवढाच. डीटीएफला (डिझाइन आधी फिल्मवर छापून मग गरम दाबाने कापडावर उतरवायची पद्धत) स्क्रीन लागत नाही, पण प्रत्येक शर्टाचा खर्च जास्त पडतो. दर शहरागणिक, दुकानागणिक वेगळे असतात, आपण हिशोबापुरते धरू: स्क्रीनचा खर्च १२००, आणि शर्टासकट छपाई प्रत्येकी १६०. डीटीएफ शर्टासकट प्रत्येकी २२०.

स्क्रीन: य = १६० क्ष + १२००
डीटीएफ: य = २२० क्ष

शर्ट | स्क्रीन | डीटीएफ
० | १२०० | ०
१० | २८०० | २२००
२० | ४४०० | ४४००
३० | ६००० | ६६००

टेबलात २० च्या ओळीला दोन्ही सारखे झाले. ग्राफमध्ये दोन रेघा (२०, ४४००) ला छेदतात, डीटीएफची आरंभबिंदूतून निघून जास्त चढते, स्क्रीनची १२०० पासून निघून सावकाश चढते. समीकरणात दोन्ही य सारखे ठेवले की २२० क्ष = १६० क्ष + १२००, म्हणजे ६० क्ष = १२००, क्ष = २०. एकसामयिक समीकरणं म्हणजे हेच. यात ६० ला पण अर्थ आहे, प्रत्येक शर्टामागे स्क्रीन ६० रुपये वाचवते, आणि सुरुवातीचे १२०० भरून काढायला असे २० शर्ट लागतात. टेबलातही ते दिसतं, दर १० शर्टांना दोघांमधली तफावत ६०० ने बदलते.

टेबलात छेदबिंदू सापडला कारण मी दहा-दहाच्या टप्प्याने गेले आणि उत्तर नेमकं २० होतं. उत्तर १७ असतं तर टेबलात तो बिंदू दिसला नसता, फक्त १० आणि २० च्या मध्ये कुठेतरी बाजू पलटली एवढं कळलं असतं. ग्राफवरून अंदाज येतो, नेमका आकडा समीकरण देतं. म्हणून तिन्ही यायला हवं, कुठलं एक "सोपं" म्हणून तेवढंच धरून बसायचं नाही.

आता डिझाइनमध्ये दोन रंग आले. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे सुरुवातीचा खर्च २४००. प्रत्येक शर्टाचा दर तोच धरला (खरं तर थोडा वाढतो) तर समीकरण य = १६० क्ष + २४००. ग्राफवर स्क्रीनची रेघ जशीच्या तशी १२०० ने वर सरकते, आधीच्या रेघेला समांतर, कारण चढ बदललेला नाही. डीटीएफला रंगांनी फरक पडत नाही, ती रेघ जागच्या जागी. छेदबिंदू २० वरून ४० शर्टांवर गेला, ४० × २२० = ८८०० आणि ४० × १६० + २४०० = ८८००. ही तिसरी रेघ त्याच कागदावर काढा, आणि मग तीन रंगांचा छेदबिंदू कुठे येईल ते रेघ न काढता सांगता येतं का बघा.